तुटलेले डाव आणि वाटून घेतलेले सुवर्ण

३० ऑगस्ट २०२० हा रविवार होता. गणपतीचे दिवस, पण पाचगणीच्या बाजारपेठेत मांडवांची नेहमीची गर्दी नव्हती. टाळेबंदीने निवासी शाळांची वसतिगृहे मार्चपासून रिकामी केलेली. टेबललँडवर धुके इतके उतरलेले, की पठाराचा कडा कोठे संपतो आणि कृष्णेचे खोरे कोठे सुरू होते हे दिसू नये. त्या दुपारी आम्ही खिडकीला टेकवून ठेवलेल्या एका मोबाईलवर भारत आणि रशिया यांच्यातील बुद्धिबळाचा अंतिम सामना पाहत होतो. पावसाळ्यात पाचगणीला संपर्काचा भरवसा धरणे हे उन्हाळ्यात पावसाची वाट पाहण्यासारखे आहे. दुसऱ्या सामन्याच्या मध्यावर पडद्यावरचा पट थिजला. आम्ही स्वाभाविकपणे दोष डोंगराला, धुक्याला आणि आमच्या नशिबाला दिला. पुन्हा चित्र आले तेव्हा सामना संपलेला होता, आणि भारत हरला होता. आमचा संपर्क तुटला तसा दोन भारतीय खेळाडूंचाही तुटला होता, हे कळायला आणखी काही वेळ गेला. आणि भारत हरलेला नाही हे कळायला त्याहून अधिक.

त्या वर्षीची बुद्धिबळ ऑलिंपियाड रशियात व्हायची होती. महामारीमुळे ती पुढे ढकलली गेली आणि फिडे या जागतिक संघटनेने तिच्या जागी, जुलैच्या अखेरीपासून ऑगस्टच्या अखेरीपर्यंत, इतिहासातील पहिली ऑनलाइन ऑलिंपियाड भरवली. १६३ देश, प्रत्येक खेळाडू आपापल्या घरी, आणि सर्वांचा पट एकच: चेस डॉट कॉम या संकेतस्थळावरचा. एका डावासाठी प्रत्येकाला १५ मिनिटे आणि दर खेळीमागे ५ सेकंद. भारताचा कर्णधार नाशिकचा विदित गुजराथी. संघात विश्वनाथन आनंद, पेंटाला हरिकृष्ण, कोनेरू हंपी आणि द्रोणवल्ली हरिका ही नावाजलेली मंडळी होतीच. शिवाय गोव्याची भक्ती कुलकर्णी होती, आणि नागपूरची दिव्या देशमुख, जिचे वय तेव्हा अवघे १४ होते.

अंतिम फेरीतला पहिला सामना ३-३ असा बरोबरीत सुटला. दुसऱ्या सामन्यात निहाल सरीन आणि दिव्या यांचे डाव चालू असतानाच त्यांचा संपर्क तुटला. पटावर त्यांचे घड्याळ मात्र चालत राहिले आणि वेळ संपल्याने दोघेही हरले. दिव्याची बाजू तर त्या क्षणी वरचढ होती. फलक रशियाच्या बाजूने ४.५-१.५ असा लागला. भारताने दाद मागितली. त्या दिवशी जगाच्या अनेक भागांत आंतरजालाचा पुरवठा एका मोठ्या बिघाडाने विस्कळीत झाला होता, ही गोष्ट पडताळून पाहता येण्याजोगी होती. अपील समितीचे एकमत झाले नाही, आणि अखेर फिडेचे अध्यक्ष अर्काडी द्वोर्कोविच यांनी दोन्ही संघांना सुवर्णपदक जाहीर केले.

इतका भाग आपल्याकडच्या बहुतेकांना ठाऊक आहे. वर्तमानपत्रांनी तो पहिल्या पानावर छापला. तथापि त्याच्या दोनच दिवस आधी, २८ ऑगस्टला, उपांत्यपूर्व फेरीत काय घडले ते आज किती जणांना आठवते? प्रतिस्पर्धी आर्मेनिया होता. पहिल्या सामन्यात निहाल सरीनशी खेळताना हाइक मार्तिरोस्यान या आर्मेनियन खेळाडूचा संपर्क तुटला, त्याचे घड्याळ चालत राहिले, आणि तो हरला. तो एक गुण भारताच्या पदरात पडला आणि सामना ३.५-२.५ असा भारताचा झाला. आर्मेनियाने दाद मागितली. ती फेटाळण्यात आली. संपर्क राखणे ही खेळाडूची जबाबदारी, असा स्पर्धेचा नियम होता. आर्मेनियाने निषेध म्हणून दुसरा सामना खेळण्यास नकार दिला आणि भारत उपांत्य फेरीत गेला.

म्हणजे तीन दिवसांच्या आत एकच संघ तुटलेल्या तारेच्या दोन्ही टोकांना उभा होता. निहाल सरीन हा १६ वर्षांचा मुलगा तर दोन्ही वेळा त्याच पटावर होता: एकदा जिंकलेला, एकदा हरलेला, आणि दोन्हीही वेळा चालीने नव्हे. या सुवर्णाचा इतिहास लिहायचा तर रशियाची फेरी सांगून आर्मेनियाची गाळता येणार नाही, असे आमचे म्हणणे आहे. ते म्हणण्याने सुवर्णाची झळाळी कमी होते असे आम्हांस वाटत नाही. परंतु आपल्या विजयगाथांना अर्धाच पट दाखवण्याची जी जुनी खोड आहे, ती खोड वाङ्मयाच्या विद्यार्थ्यांनी तरी ओळखावी.

प्रश्न मुळात असा आहे: पटावरच्या डावाचा निकाल पटाबाहेरच्या कारणाने लागावा काय? हा प्रश्न आंतरजालाने निर्माण केला असा समज आहे. प्रत्यक्षात तो या खेळाइतकाच जुना आहे.

आपल्या देशी पद्धतीच्या बुद्धिबळाकडे पाहावे. त्यात प्यादे पहिल्या खेपेसही एकच घर पुढे सरके. शेवटच्या घरात पोचलेले प्यादे आपखुशीने वजीर होत नसे. ज्या मोहऱ्याच्या घरात ते पोचले त्या मोहऱ्याचे रूप त्याला मिळे. राजाला हल्लीसारखे किल्ल्यात दडता येत नसे, पण शह बसण्यापूर्वी एकदाच घोड्याची उडी घेता येई. तपशील प्रांतागणिक बदलत. आणि मात ही सारी सारखी नव्हती. प्याद्याने केलेली मात, म्हणजे प्यादेमात, ही अधिक मानाची. प्रतिपक्षाची सारी मोहरी मारली जाऊन एकटा राजा उरला तर ती बुर्जी. तिला पूर्ण विजयाचा मान नाही. हार आणि जीत यांच्यामध्ये इतक्या छटा ठेवणारा हा खेळ होता, आणि त्या छटांची नावे मराठी कोशांत आजही सापडतात, जरी ती आता कोणी उच्चारत नसले तरी. काशीला स्थायिक झालेल्या मूळच्या पैठणच्या भट्ट घराण्यातील नीलकंठ भट्टाने सतराव्या शतकात ‘नीतिमयूख’ या राजनीतिविषयक ग्रंथात बुद्धिबळाला जागा दिली, हेही येथे नोंदवण्याजोगे आहे. खेळाचे नियम राजनीतीच्या ग्रंथात का यावेत, याचे उत्तर नियम कोण ठरवतो या प्रश्नात आहे.

१८१४ साली मुंबईत एक पुस्तक छापले गेले. त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांच्या मूळ संस्कृत रचनेचे ते इंग्रजी भाषांतर. आणि त्यातील डाव युरोपीय पद्धतीच्या खेळाला जुळवून घेतलेले होते. पेशवाई अद्याप बुडालेली नव्हती. चार वर्षांनी ती बुडाली. जुळवून घेण्याचे काम मात्र पटावर आधीच सुरू झालेले होते. प्रेमचंदांच्या ‘शतरंज के खिलाडी’वर सत्यजित राय यांनी १९७७ साली काढलेला चित्रपट वाचकांच्या स्मरणात असेल. त्यात मुन्शी नंदलाल त्या दोन नवाबी खेळियांना इंग्रजी पद्धत समजावून सांगतो: तिच्यात वजिराची राणी होते आणि खेळ लवकर आटोपतो. राज्य कसे गेले हे तो प्रसंग थेट सांगत नाही, तरी त्यानंतर आणखी सांगण्याची गरज उरत नाही.

घड्याळाचेही तसेच. आज वेळ संपली की डाव हरला हे आपण इतके गृहीत धरतो, की जणू चतुरंगाबरोबरच घड्याळ जन्मले. वस्तुतः एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत खेळाडू हवा तितका विचार करीत बसत. १८६१ च्या एका सामन्यात वाळूची घटिकायंत्रे ठेवली गेली, आणि १८८३ च्या लंडन स्पर्धेत जोडघड्याळ आले. वेळ हा पटाबाहेरचा पाहुणा होता. तो आला आणि घरचा मालक झाला. निहाल आणि दिव्या हरले ते या पाहुण्याकडून.

दूरच्या प्रतिस्पर्ध्याशी खेळणे हेही नवे नाही. १८४४ साली मोर्सची तार वॉशिंग्टन आणि बाल्टिमोर यांच्यामध्ये पडली, तेव्हा तिच्यावरून लवकरच बुद्धिबळाच्या खेळ्या धावू लागल्या. १८९७ साली ब्रिटिश कॉमन्स सभागृह आणि अमेरिकेचे प्रतिनिधिगृह यांच्यात समुद्राखालच्या तारेवरून सामना झाला, तो बरोबरीत सुटला. सप्टेंबर १९४५ मध्ये, महायुद्ध संपता संपता, सोव्हिएत संघाने अमेरिकेला रेडिओवरून १५.५-४.५ असे हरवले, आणि पुढील कित्येक दशकांची दिशा तेथे दिसली. १९६५ साली हवानातील कापाब्लांका स्मृती स्पर्धेत बॉबी फिशरला जायचे होते. अमेरिकन सरकारने क्यूबाला जाण्याची परवानगी नाकारली, म्हणून तो न्यूयॉर्कच्या मार्शल क्लबमध्ये बसून टेलिप्रिंटरवरून सर्व डाव खेळला आणि तरीही दुसऱ्या ते चौथ्या क्रमांकाच्या बरोबरीत आला. या प्रत्येक प्रसंगी तार होती आणि तार तुटण्याची भीतीही होती. फरक एवढाच, की तेव्हा तार तुटली तर सारे थांबत असे. पुन्हा जोडेपर्यंत वाट पाहण्याची रीत होती. पंधरा मिनिटांच्या डावात वाट पाहायला जागाच नाही. तंत्राने तारेचा वेग वाढवला आणि माणसाचा धीर त्या प्रमाणात कमी केला.

येथे आम्हांस पुन्हा आमच्या खिडकीकडे यायला हवे. पाचगणीच्या कड्याखालून दिसणारी कृष्णा वाईला जाते, जेथे मराठी विश्वकोशाचे घर आहे. तेथून माहुली, कराड करीत ती सांगलीला पोचते. सांगलीला आपण नाट्यपंढरी म्हणतो, कारण १८४३ साली विष्णुदास भावे यांनी तेथे ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणले. सांगली ही बुद्धिबळाचीही गादी आहे हे वाङ्मयाच्या वर्गात सहसा सांगितले जात नाही. नूतन बुद्धिबळ मंडळ आणि त्याचे भाऊसाहेब पडसलगीकर यांनी तेथे पिढ्यान्‌पिढ्या मुले घडवली. आणि मुले म्हणजे केवळ मुलगे नव्हेत. पाच वेळा राष्ट्रीय महिला विजेती झालेली, १९८७ साली पद्मश्री मिळवणारी भाग्यश्री साठे (पुढे ठिपसे) सांगलीची. महिला ग्रँडमास्टर स्वाती घाटे सांगलीची.

नाटक आणि बुद्धिबळ हे सांगलीचे दोन प्रवाह एका घराण्यात एकत्र आले, ही आमच्या मते मराठी सांस्कृतिक इतिहासातील मोठी मनोरंजक घटना आहे. १८७२ साली सांगलीत जन्मलेले कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर हे ‘कीचकवधा’चे नाटककार. सरकारने त्या नाटकावर बंदी घातली, कारण कीचक कोण हे प्रेक्षकांना कळत होते. १९२३ साली त्यांनी मुंबईत ‘नवाकाळ’ काढला. त्यांचे नातू नीलकंठ खाडिलकर. आणि नीलकंठरावांच्या तीन मुली वासंती, जयश्री आणि रोहिणी. १९७४ साली पहिली राष्ट्रीय महिला स्पर्धा झाली ती वासंतीने जिंकली, आणि पुढे पहिली दहा वर्षे हे अजिंक्यपद या तीन बहिणींच्या घराबाहेर गेले नाही. १९७६ साली रोहिणी, वय १३, पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत खेळली. पुरुष खेळाडूंपैकी काहींना ते सोसवले नाही आणि वाद न्यायालयापर्यंत गेला. तेव्हाचे फिडेचे अध्यक्ष माक्स युवे यांनी निवाडा दिला: स्त्रियांना राष्ट्रीय वा आंतरराष्ट्रीय स्पर्धेतून वगळता येणार नाही. पटाबाहेरून आलेला निकाल नेहमी अन्यायाचाच असतो असे नाही. रोहिणीच्या बाबतीत अन्याय पटाच्या आत बसलेला होता आणि न्याय बाहेरून आला.

हा सारा वृत्तान्त विषयांतर नव्हे. २०२० च्या स्पर्धेचा आराखडा पाहावा. प्रत्येक संघाचे सहा पट: दोन पुरुषांचे, दोन स्त्रियांचे, एक वीस वर्षांखालील मुलाचा आणि एक तशाच मुलीचा. म्हणजे निम्मे गुण स्त्रियांच्या हाती. ज्या देशांनी एकदोन महान पुरुष खेळाडूंवर कीर्ती उभारली त्यांना हा आराखडा अडचणीचा होता. ज्या देशात गिरगावच्या तीन बहिणींनी, सांगलीच्या मंडळाने आणि पुढे आंध्रातील हंपी-हरिकांनी अर्धशतक मशागत केली होती, त्याला तो लाभला. गटातील अखेरच्या सामन्यात भारताने चीनला ४-२ असे हरवले, तेव्हा चार डाव बरोबरीत सुटले आणि जिंकलेले दोन्ही डाव मुलांच्या पटांवरचे होते: १५ वर्षांच्या प्रज्ञानंदने लिऊ यानला हरवले आणि दिव्याने झू जिनेरला. त्या विजयामुळे भारत गटात पहिला आला आणि थेट उपांत्यपूर्व फेरीत गेला. पोलंडविरुद्धच्या उपांत्य फेरीत पहिला सामना २-४ असा हातचा गेला, दुसरा ४.५-१.५ असा परत मिळाला, आणि मग एकाच निर्णायक डावावर सारे येऊन ठेपले. तो डाव हंपीने मोनिका सोच्कोविरुद्ध जिंकला. पुरुष सहकारी आपापल्या घरी पडद्याकडे डोळे लावून बसले होते. १९७६ चा वाद ज्यांनी अनुभवला त्यांच्यापैकी कोणी हे पाहिले असेल तर त्यास काय वाटले असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी.

आता निवाड्याकडे. आर्मेनियाचे अपील फेटाळणे आणि भारताचे मान्य करणे यांत विसंगती होती काय? कायद्याच्या दृष्टीने नव्हती, असे म्हणता येईल. एकाच्या घरचा संपर्क तुटणे ही व्यक्तीची अडचण. जगभरातील बिघाडाने संपर्क तुटणे ही आपत्ती. करारनामे लिहिणारे वकील हा भेद नेहमी करतात आणि तो निरर्थक नाही. परंतु पडद्यासमोर बसलेल्या खेळाडूच्या दृष्टीने पाहिले तर मार्तिरोस्यान आणि दिव्या यांच्यात काय भेद? दोघांसमोर पट थिजला. दोघांनाही ठाऊक नव्हते की दोष घरच्या डब्यात आहे की समुद्रापलीकडच्या यंत्रात. पाचगणीच्या धुक्यात बसून आम्हांलाही ते ठाऊक नव्हते, आणि आम्ही तर चुकीचेच ठरवून मोकळे झालो होतो. आमचे प्रामाणिक मत असे, की द्वोर्कोविच यांचा निर्णय योग्य होता, आणि आर्मेनियाचा राग रास्त होता. या दोन विधानांपैकी एक खोटे ठरवण्याची घाई का करावी? जुन्या पद्धतीत बुर्जी होती. नव्या पद्धतीला तिच्यासारखा शब्द सापडला नाही म्हणून सुवर्ण दोघांना द्यावे लागले आणि तिसऱ्याला माघार घ्यावी लागली. अर्थात, बुर्जीने आर्मेनियाचे समाधान झाले असते असे आमचे म्हणणे नाही.

विभागून घेतलेले अजिंक्यपद आपल्याला परके नाही. १९५५ साली एलुरू येथे पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली, तेव्हा रामचंद्र सप्रे आणि डी. वेंकय्या हे संयुक्त विजेते ठरले. भारतीय बुद्धिबळाच्या विजेत्यांच्या यादीची पहिली ओळच दोन नावांची आहे, एक मराठी आणि एक तेलुगू. त्या ओळीकडे कोणी अपुरा विजय म्हणून पाहत नाही. मग २०२० च्या ओळीखालीच आपण ‘खरे तर आम्हीच जिंकलो असतो’ अशी तळटीप मनातल्या मनात का लिहितो? त्या तळटिपेला पुरावा म्हणून दिव्याची वरचढ बाजू सांगितली जाते. ती होतीच. पण वरचढ बाजू हरण्याचा इतिहास लिहायचा तर बुद्धिबळाला स्वतंत्र विश्वकोश लागेल.

पुढच्या वर्षी, २०२१ मध्ये, ही स्पर्धा पुन्हा ऑनलाइनच झाली. भारत उपांत्य फेरीत अमेरिकेकडून हरला, रशिया एकट्याने जिंकला, आणि त्याची आपल्याकडे फारशी चर्चा झाली नाही. त्यानंतर दोन्ही बाजूंचे खेळाडू पुन्हा समोरासमोर बसू लागले. २०२४ साली बुडापेस्ट येथे भारताने खुल्या आणि महिला अशा दोन्ही गटांत सुवर्ण मिळवले. विदित आणि दिव्या आपापल्या संघात होते. जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातील बातुमी येथे महिला विश्वचषकाच्या अंतिम फेरीत दिव्याने हंपीला हरवले आणि ती ग्रँडमास्टर झाली. पाच वर्षांपूर्वी एकाच संघाच्या दोन पटांवर, दोन गावांतल्या दोन घरांत बसलेल्या त्या दोघी, आता एकाच पटाच्या दोन बाजूंना होत्या.

मध्ये एक वर्ष राहिले. २०२२ ची ऑलिंपियाडही रशियात व्हायची होती. युक्रेनवरील आक्रमणानंतर ती तेथून काढून घेण्यात आली आणि चेन्नईजवळ भरली. भक्ती कुलकर्णी ज्या भारतीय महिला संघात होती त्याला कांस्यपदक मिळाले. खुल्या गटात उझबेकिस्तानला सुवर्ण मिळाले आणि भारताच्या दुसऱ्या संघाला कांस्य. निहाल आणि प्रज्ञानंद त्याच संघात होते. त्या दोहोंच्या मधले रौप्य आर्मेनियाने नेले.